पाळी गेली, मग हार्मोन येतं कुठून?

मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे पंधरा दिवस संपले आणि शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. लेट्रोझोल, रोज एक, पाच वर्षं. मावशीने घरी येऊन पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद नातवाकडून वाचून घेतला आणि संध्याकाळी मला फोन केला. "अगं, ही म्हणे अंगातलं इस्ट्रोजेन कमी करायची गोळी. माझी पाळी जाऊन अठरा वर्षं झाली. आता कमी करायला उरलंय काय?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, तरी फोनवर मला नीट सांगता येईना. मग दोन दुपारी तिच्याकडे बसले आणि वहीत आकृत्या काढून सांगितलं. तेच इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. पाळी गेली की बायकांचे सगळे आजारही गेले, अशी समजूत आपल्या घराघरांत आहे. मावशीही तीच धरून बसली होती. काखेजवळ हाताला लागलेली वाटाण्याएवढी गाठ तिने पाच महिने कुणाला सांगितली नव्हती. दुखत नव्हती, आणि "या वयात तिथे काय व्हायचंय" असं तिला मनापासून वाटत होतं.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. बाई असणं आणि वय वाढत जाणं, ही या आजाराची सगळ्यात मोठी दोन कारणं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या साधारण निम्म्या बायकांमध्ये या दोहोंपलीकडे दुसरं कुठलंही ठळक कारण सापडत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाल्याचा अंदाज आहे आणि सुमारे ९८ हजार जणी त्यात दगावल्या. आपल्याकडच्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असतं, पाश्चात्त्य देशांपेक्षा जवळपास दहा वर्षांनी कमी. त्यावरून "आपल्याकडे हा तरुण बायकांचा रोग आहे" असं पुष्कळ जण म्हणतात. त्यात एक गफलत आहे. आपल्या देशात तरुण बायकाच संख्येने जास्त, म्हणून रुग्णांतही त्या जास्त दिसतात. पण तिशीतल्या एक लाख बायका आणि साठीतल्या एक लाख बायका शेजारी शेजारी ठेवून मोजलं, तर साठीतल्यांमध्येच हा कॅन्सर जास्त निघतो.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते.

पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेनचा मोठा पुरवठा अंडाशयांतून होतो. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. त्यानंतर अंडाशयांचं काम जवळपास थांबतं आणि रक्तातलं इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. इथपर्यंत मावशीचं बरोबर होतं. पण मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या पुरुषी धाटणीची काही हार्मोन्स बनवतात. बायकांमध्येही बनवतात, म्हातारपणीही बनवत राहतात. ही हार्मोन्स रक्तातून फिरत शरीरातल्या चरबीत पोचतात. तिथे अरोमटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं आणि ते या पुरुषी हार्मोनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. स्नायूंमध्येही हे चालतं, आणि खुद्द स्तनातल्या चरबीतही. म्हणून पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात इस्ट्रोजेन अगदी थोडं भरलं, तरी स्तनाच्या पेशींच्या अवतीभवती ते त्या मानाने कितीतरी जास्त असू शकतं. गावातली मोठी गिरणी बंद पडावी आणि घरोघरची जाती सुरू राहावीत, तसं. मावशीची गोळी घाव घालते तो या अरोमटेजवर. जातंच फिरेनासं करते.

हे ऐकल्यावर मावशी लगेच म्हणाली, "मग जाड बाईच्या घरी जास्त जाती!" अगदी तसंच आहे. त्यावर पुढे येते. आधी हे इस्ट्रोजेन करतं काय, ते सांगायला हवं. नाहीतर ते विषासारखं काहीतरी आहे असा समज व्हायचा, आणि ते विष मुळीच नाही. हाडं, रक्तवाहिन्या, त्वचा, मेंदू, सगळ्यांना ते लागतं.

स्तनातल्या दुधाच्या नळ्यांच्या अस्तरात ज्या पेशी असतात, त्यांतल्या काहींच्या आत इस्ट्रोजेन ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणायचं. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की पेशीला निरोप जातो: वाढ, दुभंग, एकीच्या दोन हो. दर महिन्याला शरीर संभाव्य बाळंतपणाची तयारी म्हणून हा निरोप देतं आणि गर्भ राहिला नाही की आवरतं घेतं. पेशी दुभंगताना तिच्यातल्या डीएनएची अख्खी नक्कल करावी लागते. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून काढत. लिहिणारा कितीही काळजीचा असला तरी शंभराव्या प्रतीत काना-मात्रा चुकतेच, आणि पुढचा लिहिणारा ती चूकही उतरवतो. पेशींचं तसंच आहे. इस्ट्रोजेन चुका करायला लावतं असं नाही. मुख्यतः ते नकला वाढवतं, आणि नकला वाढल्या की चुकांची संधी वाढते. शरीराकडे मुद्रितशोधकही असतात, ते बहुतेक चुका दुरुस्त करतात. वय वाढतं तशा साचलेल्या चुका वाढतात आणि मुद्रितशोधकही थकतात. एखाद्या पेशीत नको त्या जागी नको तेवढ्या चुका जमल्या की तिची वाढ आवरत नाही. तोवर इस्ट्रोजेनचा पुरवठा सुरूच असेल, तर त्या बिघडलेल्या पेशीलाही तेच खाद्य मिळतं.

यातलं पहिलं सूत्र माणसाच्या हाती लागलं तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही जन्माला आलं नव्हतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली एक अनुभव प्रसिद्ध केला. स्तनाचा कॅन्सर फार पसरलेल्या एका तरुण बाईचे अंडाशय त्यांनी काढले आणि स्तनावरचा रोग पुढच्या काही महिन्यांत विरत गेला. स्तनाच्या आजारासाठी अंडाशय काढायचं कसं सुचलं? तर गोठ्यावरून. गायीचे अंडाशय काढले तर ती जास्त काळ दूध देत राहते, हे त्यांनी वाचलं होतं. म्हणजे पोटातल्या या अवयवाची सत्ता छातीपर्यंत चालते, असा तर्क त्यांनी बांधला. त्याच्याही जवळपास दोनशे वर्षं आधी इटलीत पादुआ इथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने नोंदवून ठेवलं होतं की मठातल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कॅन्सर फार दिसतो. मूल नसणं आणि हा रोग यांचा संबंध तेव्हाच कुणाच्या तरी नजरेला आला होता.

तो संबंध आकड्यांत बसवला इंग्लंडच्या डॉक्टर जॅनेट लेन-क्लेपन यांनी, १९२६ साली. कॅन्सर असलेल्या ५०० बायका आणि नसलेल्या ५०० बायका घेऊन त्यांनी दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं. आज साथरोगशास्त्राच्या वर्गात ही पद्धत पहिल्या धड्यात शिकवतात. त्यांचे निष्कर्ष पुढे जगभर टिकले. २००२ साली ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो, आणि अंगावर पाजलेल्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी ४ टक्क्यांच्या आसपास. पाळी एक वर्ष लवकर आली की धोका साधारण ५ टक्क्यांनी वाढतो, एक वर्ष उशिरा गेली की साधारण ३ टक्क्यांनी. पहिलं बाळंतपण कोवळ्या वयात झालं तर संरक्षण जास्त मिळतं, कारण पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात स्तनाच्या पेशी परिपक्व होतात आणि परिपक्व पेशी कमी दुभंगते.

आमच्या पणजीला नऊ मुलं. सात जगली. बाळंतपण आणि पाजणं यांत तिची पंधरा-सोळा वर्षं बिनपाळीची गेली असतील. मावशीला दोन मुलं, तिच्या सुनेला एक. तिघींच्या स्तनांनी आयुष्यभरात ऐकलेले ते "वाढ, वाढ" असे निरोप मोजले तर पणजीचे सगळ्यात कमी भरतील. म्हणून पणजीचं आयुष्य चांगलं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. ती चाळिशीतच बाळंतरोगाने गेली.

या हिशेबाचा पडताळा आपल्या महाराष्ट्रातच मिळतो. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली कॅन्सर नोंदवही सुरू केली. त्या जुन्या नोंदींत एक गोष्ट ठळक दिसली. मुंबईतल्या इतर समाजांच्या बायकांमध्ये तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर होता, पारशी बायकांमध्ये मात्र स्तनाचा. शिक्षण, उशिरा लग्न, मोजकी मुलं, दीर्घ आयुष्य, हे सगळं त्या समाजात बाकीच्यांच्या कितीतरी आधी आलं होतं. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. तिथे स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या मानाने बरंच कमी भरत आलं आहे. मुंबईपासून बार्शी एका रात्रीच्या प्रवासावर. हवा-पाण्यापेक्षा बायकांच्या आयुष्याची घडी वेगळी आहे.

इथे थोडं थांबते. हे आकडे ऐकून मावशीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी धाकट्याला तीनच महिने पाजलं, त्याचं हे फळ का?" नोकरी होती, रजा संपली होती, दूध आटलं होतं. मला तिचा हात घट्ट धरावासा वाटला आणि मी तो धरला. नाही, त्याचं हे फळ नाही. वर्षभर पाजून धोका चार टक्क्यांनी घटतो, म्हणजे शंभरातल्या चार बायका वाचतात असं नव्हे. मूळ धोका शंभरात चार असेल तर तो चारच्या जागी ३.८४ होतो. लाखो बायकांचा समाज पाहताना हा फरक मोलाचा असतो. एका बाईच्या बाबतीत त्यावरून "तुझ्यामुळे झालं" असं कुणी म्हणत असेल, तर त्याला आकडे कळलेले नाहीत. आणि असं म्हणणारे नातेवाईक असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आता चरबी. तरुणपणी वजन जास्त असलेल्या बायकांना या कॅन्सरचा धोका थोडा कमीच असतो, आणि पाळी गेली की गणित पालटतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, पाच अंकांनी वाढला की पाळी गेलेल्या बाईचा धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. कारण तीच घरोघरची जाती. शिवाय पोटाच्या चरबीबरोबर रक्तातलं इन्शुलिन वाढतं, तेही पेशींना वाढीचा निरोप देतं. इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं एक प्रथिन कमी होतं आणि मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. आपल्या बायकांची ठेवण अशी की हातपाय सडपातळ आणि पोट मात्र सुटलेलं. वजनकाटा "ठीक आहे" म्हणतो आणि आतली जाती फिरत राहतात. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजावा.

अमेरिकेत १९७६ पासून नर्सेसच्या आरोग्याचा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या पाळी गेलेल्या सुमारे ८७ हजार बायकांची माहिती २००६ साली मांडली गेली. अठराव्या वर्षापासून २५ किलो किंवा जास्त वजन वाढलेल्यांमध्ये, वजन न बदललेल्यांच्या मानाने, धोका ४५ टक्क्यांनी जास्त होता. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. पाळी गेल्यानंतर दहा किलो वजन उतरवून ते तसंच राखणाऱ्या आणि बाहेरून हार्मोन न घेणाऱ्या बायकांमध्ये धोका निम्म्याहून कमी निघाला. दहा किलो उतरवणं सोपं नाही, गुडघे दुखत असताना तर नाहीच. पण पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात केली तरी उशीर झालेला नसतो, एवढं त्यातून कळतं. नियमित चालण्याने वजन उतरलं नाही तरी धोका कमी होतो, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

पोटातून घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या हा विषय सगळ्यात गोंधळाचा. पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप उडते, चिडचिड होते. त्यासाठी डॉक्टर कधी कधी हार्मोन देतात, त्याला एचआरटी म्हणतात. आपल्याकडे ती घेणाऱ्या कमी, पण शहरांत आणि परदेशातल्या आपल्या बायकांत प्रश्न रोजचा आहे. गर्भपिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, कारण त्याने पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध देतात. पिशवी काढलेली असेल तर एकटं इस्ट्रोजेन चालतं.

अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाच्या चाचणीत पिशवी असलेल्या ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायकांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला ही दोन औषधं, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. जुलै २००२ मध्ये, सरासरी पाच वर्षांनंतर, हा भाग मध्येच थांबवला. "हार्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो" असे मथळे जगभर झळकले आणि लाखो बायकांनी रातोरात गोळ्या बंद केल्या. आता तोच आकडा दुसऱ्या तऱ्हेने वाचू. बिनऔषधाच्या गटात दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना कॅन्सर झाला, औषधाच्या गटात ३८ जणींना. जास्तीच्या आठ, दहा हजारांत, वर्षाला. २६ टक्के खोटे नाहीत, आठही खोटे नाहीत. पण डॉक्टरांसमोर बसून निर्णय घ्यायचा असतो तेव्हा उपयोगी पडतो तो दुसरा आकडा. कुणी नुसते टक्के सांगितले तर "किती जणींत किती?" असं विचारायला मी माझ्या विद्यार्थिनींनाही शिकवते.

मात्र आठ म्हणजे काहीच नाही असंही समजू नये. वर्षं साचतात. २०१९ साली ५८ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा. पाश्चात्त्य देशांतल्या, हार्मोन कधीच न घेतलेल्या शंभर बायकांपैकी ५० ते ६९ या वीस वर्षांत साधारण ६.३ जणींना हा कॅन्सर होतो. पन्नाशीला सुरू करून दोन्ही औषधं रोज पाच वर्षं घेतली तर ८.३ जणींना होतो, म्हणजे पन्नास बायकांमागे एक जास्तीची. एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हाच आकडा दोनशे बायकांमागे एक. अमेरिकेच्या चाचणीत तर पिशवी काढलेल्या आणि एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत कॅन्सर कमीच निघाला. दोन्हीकडून एक गोष्ट सारखी निघते: धोक्याचा मोठा वाटा दोन औषधांच्या जोडीचा आहे, आणि किती वर्षं घेतली त्याचा आहे. योनीतल्या कोरडेपणासाठी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम यात मोडत नाही. ते रक्तात फारसं उतरत नाही. तरीही आधी स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर तेही विचारल्याशिवाय लावू नये.

माझं मत विचाराल तर, वाफांनी जीव नकोसा झालेल्या बाईला "सहन कर, सगळ्यांनाच होतं" असं सांगणं क्रूर आहे, आणि वय लांबवायला म्हणून वर्षानुवर्षं हार्मोन घेत राहणं अविचाराचं. या दोहोंच्या मध्ये, त्रास खरा असेल तर लागेल तेवढीच मात्रा, लागेल तेवढेच दिवस, स्तनांची तपासणी करून, असा रस्ता आहे.

पिशवीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. "माझी पिशवी काढलीय, मला कसला धोका" असं मी किती जणींकडून ऐकलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कोवळ्या वयात काढल्या जातात हे २०१९ साली वर्तमानपत्रांतून सगळ्यांपुढे आलं. पण त्यांना किंवा शहरातल्यांनाही काय काढलं आणि काय ठेवलं हे कुणी नीट सांगत नाही. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, अंडाशय मात्र जागेवर असतात आणि इस्ट्रोजेन बनवत राहतात. अंडाशयही काढले असतील तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका घटतो, पण त्याची किंमत हाडं आणि हृदय मोजतात. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा, त्यात हे लिहिलेलं असतं.

घराण्याबद्दल थोडक्यात. आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला हा आजार झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, ती तरुण वयात आजारी पडली असेल तर आणखी जास्त. बीआरसीए नावाची दोन जनुकं आहेत, त्यांपैकी एखादं बिघडलेलं असलं तर ऐंशीपर्यंत जवळपास ७० टक्के बायकांना हा कॅन्सर होतो. हा बिघाड बापाकडूनही येतो, म्हणून आत्यांची चौकशीही करायची. पण हे कॅन्सर एकूणात थोडे. स्तनाचा कॅन्सर होणाऱ्या नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आई-बहीण-मुलीला तो झालेला नसतो. म्हणून "आमच्यात कुणालाच नाही" हे वाक्य दिलासा देणारं नाही. मावशीची सख्खी बहीण म्हणजे माझी आई. ती ६२ वर्षांची आहे. मावशीचं निदान झालं त्याच महिन्यात मी तिला मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेला, घेऊन गेले.

दारूचा धोका ठरलेला आहे आणि तो अगदी थोड्या प्रमाणापासून सुरू होतो. छातीवर पूर्वी रेडिएशन घेतलेलं असणं, मॅमोग्राफीत स्तन दाट दिसणं, हीही कारणं. उलट सोयाबीन, ब्रेसियर, डिओडरंट, छातीला बसलेला मार, ब्लाउजमध्ये ठेवलेला मोबाइल यांमुळे हा कॅन्सर होत असल्याचा पुरावा नाही.

वय बदलता येत नाही, पाळी कधी आली ते बदलता येत नाही. मग साठीतल्या बाईच्या हातात वजन आणि चालणं सोडून उरतं काय? गाठ लहान असताना सापडणं. याबाबत जगाला उत्तर मुंबईने दिलं आहे, आणि ते आपल्याकडेच पुरेसं माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून जास्त बायकांना घेऊन एक चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी आरोग्यसेविका हाताने स्तन तपासत. डॉक्टर नव्हेत, प्रशिक्षण दिलेल्या बायका. मशिन नाही, वीज लागत नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निकाल आला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या तपासणीमुळे स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. म्हणजे "या वयात काय व्हायचंय" असं म्हणणाऱ्या बायकांनाच त्या दोन हातांचा उपयोग सगळ्यात जास्त झाला.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत होते. जवळच्या आशाताईंना विचारलं तर वार कळतो. परवडत असेल आणि सोय असेल तर पन्नाशीनंतर मॅमोग्राफी किती वर्षांनी करायची, ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. वय वाढतं तशी स्तनातली दाट ऊती कमी होऊन चरबी वाढते, त्यामुळे मोठ्या वयात मॅमोग्राफीत गाठ जास्त स्पष्ट दिसते.

तपासण्यांच्या मधल्या काळात अंघोळीच्या वेळी स्वतःकडे लक्ष ठेवायचं. स्तनात किंवा काखेत गाठ, दुखो वा न दुखो. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून आपोआप रक्तासारखा स्राव, त्वचेवर खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं, एका बाजूचा आकार बदलणं. तरुणपणी हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. पाळी गेल्यावर नवी गाठ आली तर ती साधीच असेल असं धरून चालायचं नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि लागली तर सुईने तुकडा काढून तपासणी, इथवर जायचंच. सुई घातल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. आमच्या मावशीचेही त्यात आणखी तीन आठवडे गेले.

तुकड्याच्या अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू अशी अक्षरं असतात, गाठीच्या पेशींत कोणते रिसेप्टर आहेत ते सांगणारी. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे त्या गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत. मोठ्या वयातले बहुतेक कॅन्सर असेच असतात, आणि म्हणूनच त्यांना हार्मोनच्या वाटेने अडवता येतं. पाळी चालू असलेल्या बाईला सहसा टॅमॉक्सिफेन देतात, ते रिसेप्टरच्या खुर्चीत स्वतःच जाऊन बसतं. पाळी गेलेल्या बाईला बहुधा लेट्रोझोल किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादं. पाळी चालू असताना नुसत्या लेट्रोझोलने भागत नाही, कारण मोठी गिरणी सुरू असताना घरची जाती थांबवून काय उपयोग? हे वाक्य मावशीचं आहे, माझं नव्हे. तोवर तिला सगळं कळलं होतं.

चौथ्या महिन्यात तिची बोटं सकाळी आखडायला लागली, मनगटं ठणकायला लागली. इस्ट्रोजेन इतकं खाली आलं की सांधे कुरकुरतात आणि हाडं विरळ होऊ लागतात. या गोळ्यांचा हा नेहमीचा त्रास आहे, आणि पुष्कळ बायका याच टप्प्यावर कुणाला न सांगता गोळी सोडतात. मावशीनेही दहा दिवस सोडली होती. सुनेला पाकिटात गोळ्या जास्त दिसल्या म्हणून कळलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी लेट्रोझोल बदलून अ‍ॅनास्ट्रोझोल दिलं, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घेतला, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. चालण्याने या गोळ्यांमुळे दुखणारे सांधे मोकळे होतात. आता ती सकाळी साडेसहाला शेजारच्या दोघींना घेऊन निघते. त्या दोघींनीही परवा आशाताईंकडे नाव नोंदवलं आहे. एक एकसष्टची, दुसरी चौसष्टची.